कळसूबाई-हरिश्चंद्रगड वन्यजीव अभयारण्य

कळसूबाई-हरिश्चंद्रगड वन्यजीव अभयारण्य हे भारताच्या महाराष्ट्र राज्यातील अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्याच्या अकोले तालुक्यात, सह्याद्रीच्या मुख्य रांगेवर वसलेले संरक्षित वनक्षेत्र आहे. १९८६ साली घोषित झालेल्या या अभयारण्याचे क्षेत्रफळ ३६१.७१ चौरस किलोमीटर आहे. उत्तरेस महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर कळसूबाई आणि दक्षिणेस हरिश्चंद्रगड ही त्याची दोन टोके होत. या दोहोंच्या दरम्यान भंडारदऱ्याचा जलाशय, रतनगड, सांदण दरी, घाटघरचे कडे आणि अनेक आदिवासी गावे येतात.

येथील वने, डोंगरी किल्ले, प्राचीन मंदिरे, लेणी आणि पाण्याची कुंडे एकाच भूभागावर, परस्परांच्या अगदी जवळ आहेत. किल्ल्यांवर व मंदिरांकडे जाणाऱ्या जुन्या वाटाच आज गिर्यारोहकांच्या पायवाटा झाल्या आहेत. त्यामुळे येथे येणारा प्रवासी एकाच वेळी अभयारण्यात, प्राचीन वास्तूंच्या परिसरात आणि स्थानिकांच्या श्रद्धास्थानी प्रवेश करीत असतो. या तिन्ही बाबींची काळजी एकत्र घेणे हा या अभयारण्याच्या व्यवस्थापनातील मध्यवर्ती प्रश्न आहे.

## स्थान व भूरचना

अभयारण्य सह्याद्रीच्या माथ्यावर उत्तर-दक्षिण पसरलेले आहे. त्याच्या पश्चिमेस ठाणे जिल्ह्यातील कोकणपट्टी, उत्तरेस नाशिक जिल्हा आणि दक्षिणेस पुणे जिल्ह्याचा जुन्नर तालुका आहे. हरिश्चंद्रगड हा ठाणे, पुणे आणि अहिल्यानगर या तीन जिल्ह्यांच्या सीमा जेथे जवळ येतात अशा ठिकाणी असल्याने त्याच्यावर जाणाऱ्या वाटाही तिन्ही जिल्ह्यांतून येतात.

संपूर्ण परिसर दख्खनच्या बेसाल्ट खडकाचा बनलेला आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी झालेल्या ज्वालामुखीय उद्रेकांत लाव्हारसाचे थर एकावर एक साचले. या थरांची असमान झीज होऊन सपाट माथे, पायऱ्यांसारखे उतार आणि उभे कडे तयार झाले. पूर्वेकडील बाजू पठारी असून उतार तुलनेने सौम्य आहेत, तर पश्चिमेकडील बाजू एकदम तुटून कोकणात उतरते. याच तुटलेल्या कडेवर हरिश्चंद्रगडाचा प्रसिद्ध कोकणकडा आहे. तो अर्धवर्तुळाकार असून त्याचा मधला भाग आत वळलेला आहे. पायथ्याच्या कोकणातील गावांच्या तुलनेत त्याचा माथा सुमारे एक हजार मीटर उंच आहे.

कळसूबाई शिखराची समुद्रसपाटीपासूनची उंची १,६४६ मीटर आहे. हरिश्चंद्रगडाची उंची सुमारे १,४२४ मीटर असून तारामती, रोहिदास आणि हरिश्चंद्र ही त्याची प्रमुख शिखरे होत. पुराणकथेतील राजा हरिश्चंद्र, राणी तारामती आणि पुत्र रोहिदास यांच्यावरून ही नावे पडली आहेत. त्यांपैकी तारामती हे सर्वांत उंच शिखर आहे.

साम्रद गावाजवळील सांदण दरी ही खडकातील भेगेच्या रेषेत पाण्याने खोदलेली अरुंद घळ आहे. दोन्ही बाजूंच्या उंच भिंतींमुळे तिच्या तळाशी दिवसाचा थोडाच काळ ऊन पोहोचते.

## हवामान व जलस्रोत

नैर्ऋत्य मोसमी वारे सह्याद्रीच्या कड्यांना अडून वर चढतात आणि माथ्यावर प्रचंड पाऊस पाडतात. घाटघर व रतनवाडी परिसरात अनेक वर्षी ४,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस होतो. पूर्वेकडे जावे तसे हे प्रमाण झपाट्याने घटते आणि त्याच जिल्ह्याचा पूर्व भाग अवर्षणप्रवण म्हणून ओळखला जातो. त्यामुळे या वनांमध्ये मुरणाऱ्या पाण्याचे महत्त्व अभयारण्याच्या सीमेपुरते मर्यादित नाही.

प्रवरा नदी रतनगडाच्या परिसरात उगम पावते, तर मुळा नदीचा उगम हरिश्चंद्रगडाच्या डोंगररांगेत आहे. मुळा पुढे प्रवरेला मिळते आणि प्रवरा नेवासे तालुक्यात गोदावरीस जाऊन मिळते. हरिश्चंद्रेश्वर मंदिराजवळून वाहणाऱ्या ओढ्यास मंगळगंगा म्हणतात.

पाऊस भरपूर असला तरी बेसाल्टच्या उतारावरून पाणी लवकर वाहून जाते. उन्हाळ्यात डोंगरावरील वाड्यांना पाण्याची टंचाई जाणवते. किल्ल्यांवर खडकात खोदलेली टाकी आणि मंदिरांजवळ बांधलेल्या पुष्करिणी या परिस्थितीस दिलेले प्राचीन उत्तर होते. यांपैकी काही टाक्यांतील पाणी आजही वर्षभर टिकते.

## वनस्पती

येथील वने प्रामुख्याने निमसदाहरित व आर्द्र पानझडी प्रकारची आहेत. जांभूळ, हिरडा, बेहडा, आंबा, अंजन, सादडा, उंबर आणि करवंद या वनस्पती सर्वत्र आढळतात. उघड्या माथ्यांवर गवताळ पठारे आहेत. पावसाळ्याच्या अखेरीस, साधारणतः सप्टेंबर व ऑक्टोबरमध्ये, या पठारांवर सोनकी, तेरडा आणि कवला यांसारखी रानफुले मोठ्या प्रमाणावर फुलतात.

उतारांवर कारवीचे दाट पट्टे आहेत. कारवी साधारणतः सात वर्षांनी एकदाच सामूहिकरीत्या फुलते आणि बी धरल्यानंतर मरते. तिची मुळे तीव्र उतारावरील माती धरून ठेवतात. वाळलेल्या कारवीच्या काठ्यांचे कूड विणून ते शेणामातीने लिंपण्याची पद्धत येथील घरबांधणीत रूढ आहे.

हिरड्याला स्थानिक अर्थव्यवस्थेत विशेष स्थान आहे. न पिकलेली कोवळी फळे, म्हणजे बाळहिरडा, उन्हाळ्यात गोळा करून वाळवली व विकली जातात. डोंगराळ गावांतील अनेक कुटुंबांसाठी शेतीबाहेरील रोख उत्पन्नाचे हे एक साधन आहे.

## प्राणिजीवन

अभयारण्यात बिबट्या, तरस, कोल्हा, रानमांजर, उदमांजर, मुंगूस, रानडुक्कर, भेकर, सांबर, ससा आणि माकडे आढळतात. महाराष्ट्राचा राज्यप्राणी शेकरू उंच झाडांच्या दाट राईत दिसतो. घोरपडीसह अनेक सरपटणारे प्राणी आणि पावसाळ्यात विविध प्रकारचे बेडूक येथे दिसतात. कड्यांच्या कपारी शिकारी पक्ष्यांना घरट्यांसाठी उपयुक्त ठरतात, तर जलाशयाच्या काठी पाणपक्षी येतात.

हे वनक्षेत्र बेटासारखे अलग नाही. त्याचे महत्त्व ‘आजोबा’ या नावाने प्रसिद्ध झालेल्या बिबट्याच्या प्रवासातून दिसून आले. अहिल्यानगर जिल्ह्यातील एका विहिरीतून सुटका केलेल्या या बिबट्याला २००९ साली संवेदक पट्टा लावून अभयारण्याच्या दक्षिणेस असलेल्या माळशेज घाटाजवळ सोडण्यात आले. तेथून तो सुमारे १२० किलोमीटर अंतर कापून मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानापर्यंत पोहोचला. या प्रवासावर आधारित ‘आजोबा’ हा मराठी चित्रपट २०१४ साली प्रदर्शित झाला.

### काजवे

मे महिन्याच्या अखेरीपासून पाऊस स्थिरावेपर्यंत भंडारदरा, घाटघर, रतनवाडी आणि साम्रद परिसरात काजवे मोठ्या संख्येने प्रकटतात. हिरडा, बेहडा, सादडा व जांभूळ यांसारख्या झाडांवर असंख्य काजवे एकाच लयीत लुकलुकताना दिसतात. हा प्रकाश म्हणजे नर व मादी यांच्यातील मीलनाचा संकेत असतो. त्यांच्या शरीरातील ल्युसिफेरिन या द्रव्याच्या रासायनिक अभिक्रियेतून तो निर्माण होतो आणि त्यात उष्णता जवळजवळ नसते.

काजव्याच्या आयुष्याचा मोठा भाग अळीच्या अवस्थेत, ओलसर माती व पालापाचोळ्यात जातो. या अवस्थेत तो गोगलगायींसारख्या लहान जीवांवर जगतो. प्रौढ काजवा अल्पायुषी असतो आणि प्रजननासाठी त्याला काही आठवड्यांचाच अवधी मिळतो. याच काळात पर्यटकांची सर्वाधिक गर्दी होते. वाहनांचे दिवे, विजेऱ्या व छायाचित्रणाचे झोत यांमुळे संकेतांत व्यत्यय येतो. झाडांखाली फिरणाऱ्यांच्या पायांखाली जमिनीवरील माद्या आणि अळ्या चिरडल्या जातात. म्हणून या हंगामात वन विभागाकडून प्रवेशाची वेळ, वाहनांची ये-जा आणि प्रकाशाचा वापर यांवर निर्बंध घातले जातात.

## इतिहास

हरिश्चंद्रगडाचा उल्लेख पुराणग्रंथांत असल्याचे सांगितले जाते. गडावरील लेणी व मंदिरे यांवरून हे स्थान किल्ला म्हणून प्रसिद्ध होण्यापूर्वीच साधनास्थळ व तीर्थक्षेत्र होते हे स्पष्ट होते. येथील लेणी साधारणतः अकराव्या शतकातील मानली जातात. योगी चांगदेव यांनी गडावर वास्तव्य केले आणि ‘तत्त्वसार’ हा ग्रंथ येथेच शके १२३४ (इ.स. १३१२) मध्ये रचला, अशी परंपरा आहे. मंदिर परिसरात चांगदेवांचे नाव असलेले शिलालेख आहेत.

मध्ययुगात हा किल्ला मोगलांच्या ताब्यात होता. १७४७-४८ मध्ये तो मराठ्यांनी घेतला आणि कृष्णाजी शिंदे यांची किल्लेदार म्हणून नेमणूक झाली. १८१८ साली मराठी सत्तेचा शेवट झाल्यानंतर या भागातील किल्ले ब्रिटिशांच्या ताब्यात गेले. पुन्हा बंडाचा आश्रय होऊ नये म्हणून ब्रिटिशांनी सह्याद्रीतील अनेक किल्ल्यांच्या पायऱ्या व दरवाजे उद्ध्वस्त केले. अलंग व मदन या किल्ल्यांच्या तुटलेल्या वाटा त्याचीच साक्ष मानल्या जातात.

तरीही या डोंगरांत ब्रिटिश सत्तेविरुद्ध संघर्ष झाला. अकोले तालुक्यातील देवगावचे राघोजी भांगरे यांनी महादेव कोळी समाजातील लोकांना संघटित करून सावकारशाही व ब्रिटिश सत्तेविरुद्ध उठाव केला. त्यांना २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आली.

## ऐतिहासिक अवशेष

### हरिश्चंद्रेश्वर मंदिर व पुष्करिणी

गडाच्या मध्यभागातील खोलगट जागेत हरिश्चंद्रेश्वराचे दगडी मंदिर आहे. त्याचे शिखर सुमारे १६ मीटर उंच असून त्यावर बारीक कोरीव काम आहे. सभोवती प्राकाराची भिंत, लहान देवळे, खडकात खोदलेल्या खोल्या व पाण्याची टाकी आहेत. मंदिराच्या पूर्वेस सप्ततीर्थ पुष्करिणी आहे. तिच्या एका बाजूस ओळीने देवळ्या असून त्यांत पूर्वी विष्णुमूर्ती होत्या.

मंदिर, लेणी व पुष्करिणी यांची रचना एकत्र पाहिली असता पाण्याचे नियोजन हा तिचा आधार असल्याचे दिसते. पावसाचे पाणी जेथे नैसर्गिकरीत्या एकवटते, त्याच खोलगट भागात ही वास्तुरचना आहे.

### केदारेश्वर लेणे

मंदिराजवळच ओढ्याकाठी केदारेश्वराचे लेणे आहे. त्याच्या मध्यभागी भव्य शिवलिंग असून भोवताली कमरेइतके पाणी साचलेले असते. हे पाणी उन्हाळ्यातही अतिशय थंड असते. शिवलिंगाच्या चार कोपऱ्यांवरील खांबांपैकी आज एकच अखंड आहे. चार खांब म्हणजे चार युगे आणि उरलेला खांब म्हणजे कलियुग, अशी लोकश्रद्धा आहे. पावसाळ्यात ओढा भरून वाहत असल्याने या लेण्याकडे जाणे धोक्याचे असते.

### तारामतीची लेणी व बालेकिल्ला

तारामती शिखराच्या पायथ्याशी लेण्यांचा समूह आहे. त्यांपैकी एकात सुमारे साडेआठ फूट उंचीची गणेशमूर्ती आहे. त्यामुळे त्यास गणेशलेणे म्हणतात. गडाला सलग तटबंदी फारशी नाही. उभे कडे हेच त्याचे मुख्य संरक्षण होते. बालेकिल्ल्याच्या भागात बांधकामाचे अवशेष आढळतात.

### अमृतेश्वर मंदिर व रतनगड

भंडारदरा जलाशयाच्या टोकाशी रतनवाडी गावात अमृतेश्वराचे शिवमंदिर आहे. भूमिज शैलीतील या मंदिराचे शिखर व स्तंभ शिल्पसमृद्ध आहेत. मंदिर शिलाहारकालीन मानले जाते. झंज राजाने नद्यांच्या उगमस्थानी बारा शिवालये बांधली आणि प्रवरेच्या उगमाजवळील हे त्यांपैकी एक, अशी परंपरा आहे. गावात कोरीव देवळ्या असलेली दगडी पुष्करिणीही आहे. अमृतेश्वर मंदिर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहे.

गावाच्या वर १,२९७ मीटर उंचीचा रतनगड आहे. गणेश, हनुमान, कोकण व त्र्यंबक असे त्याचे चार दरवाजे होत. गडावर रत्नादेवीची गुहा व पाण्याची टाकी आहेत. माथ्यावरील खडकास आरपार पडलेले नैसर्गिक छिद्र ‘नेढे’ म्हणून प्रसिद्ध आहे. वाऱ्याने व पाण्याने खडकाचा मऊ भाग झिजून ते तयार झाले आहे.

### भंडारदरा धरण

प्रवरा नदीवरील भंडारदरा धरणाचे काम १९१० मध्ये सुरू झाले आणि १९२६ मध्ये पूर्ण झाले. ८२ मीटर उंचीचे हे दगडी धरण त्याच्या काळात देशातील सर्वांत उंच धरणांपैकी एक होते. मुंबई प्रांताचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांच्या नावावरून ते विल्सन धरण म्हणूनही ओळखले जाते, तर जलाशयास आर्थर सरोवर असे नाव होते. त्याच्या पाण्यावर प्रवरा खोऱ्यातील ऊसशेती व साखर उद्योग उभा राहिला. घाटघर येथे २५० मेगावॅट क्षमतेचा उदंचन जलविद्युत प्रकल्पही आहे. त्यात विजेची मागणी कमी असताना खालच्या जलाशयातील पाणी वर चढवले जाते आणि मागणी वाढल्यावर ते खाली सोडून वीज निर्माण केली जाते.

## पायवाटा

* बारी ते कळसूबाई : ही सर्वाधिक वापरातील वाट आहे. उभ्या कातळांवर लोखंडी शिड्या बसवलेल्या आहेत. चढाईस साधारणतः तीन ते चार तास लागतात. शिखरावर कळसूबाई देवीचे लहान मंदिर असून नवरात्रात तेथे यात्रा भरते.
* पाचनई ते हरिश्चंद्रगड : हरिश्चंद्रगडावर जाण्याची ही सर्वांत सोपी वाट आहे. ती कड्याच्या पोटातून, ओढ्याच्या सोबतीने वर जाते आणि दोन ते तीन तासांत मंदिराशी पोहोचते.
* खिरेश्वर-टोलार खिंड मार्ग : पुणे जिल्ह्यातील खिरेश्वर गावातून ही वाट निघते. गावाजवळ नागेश्वराचे प्राचीन मंदिर असून त्याच्या छतावर देवदेवतांची शिल्पे कोरलेली आहेत. टोलार खिंडीत व्याघ्रशिल्प आहे. खिंडीच्या वर कातळटप्पा असून तेथे आधारासाठी लोखंडी कठडे आहेत. त्यानंतर अनेक लहान टेकड्या ओलांडाव्या लागतात. धुक्यात येथे वाट चुकण्याचा संभव असतो.
* नळीची वाट : ठाणे जिल्ह्यातील बेलपाडा गावातून कोकणकड्यालगतच्या घळीतून ही वाट चढते. मोठे दगड, निसरडे कातळ आणि वरून दगड कोसळण्याचा धोका यांमुळे ती केवळ अनुभवी गिर्यारोहकांसाठी आहे. बेलपाड्यातूनच साधले घाटाची वाटही वर येते.
* रतनवाडी ते रतनगड : ही वाट दाट वनातून जाते आणि शेवटच्या टप्प्यात शिड्यांवरून गडाच्या दरवाजाशी पोहोचते.
* रतनगड ते हरिश्चंद्रगड : कात्राबाई खिंड, कुमशेत व पाचनईमार्गे जाणारी ही लांब पल्ल्याची वाट अभयारण्याचा गाभा ओलांडते. तिच्यासाठी मुक्काम करावा लागतो आणि स्थानिक वाटाड्या सोबत असणे हितावह ठरते.
* सांदण दरी : साम्रद गावातून दरीत उतरता येते. सुरुवातीच्या भागात पाण्याचे डोह लागतात. पुढे पूर्ण उतरण्यासाठी दोराचे साहाय्य आवश्यक असते. पावसाळ्यात दरीत अकस्मात पाणी वाढत असल्याने प्रवेश धोकादायक असतो.

अलंग, मदन व कुलंग हे अभयारण्यालगतच्या भागातील तीन किल्ले त्यांच्या कठीण चढाईमुळे प्रसिद्ध आहेत. अलंग व मदन यांवर जाताना तुटलेल्या पायऱ्यांच्या जागी दोराच्या साहाय्याने कातळ चढावा लागतो.

## इंद्रवज्र

कोकणकड्यावरून काही वेळा ‘इंद्रवज्र’ हा प्रकाशीय आविष्कार दिसतो. दरीत धुके साचलेले असताना सूर्य निरीक्षकाच्या पाठीमागे असेल, तर त्याची सावली धुक्यावर पडते आणि तिच्या भोवती रंगीत वलय दिसते. कडा पश्चिमाभिमुख असल्याने हे दृश्य सकाळच्या वेळी दिसण्याचा संभव असतो. धुक्यातील सूक्ष्म जलकणांमुळे प्रकाश मागे विखुरला जाऊन हे वलय तयार होते. पावसाच्या मोठ्या थेंबांमुळे दिसणाऱ्या इंद्रधनुष्याहून ही प्रक्रिया वेगळी आहे. कर्नल विल्यम हेन्री साइक्स यांनी दख्खनच्या हवामानाविषयीच्या १८३५ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात हरिश्चंद्रगडावरून पाहिलेल्या अशा वर्तुळाकार वलयाचे वर्णन केले आहे.

## लोकजीवन

अभयारण्यात व त्याच्या सीमेवर प्रामुख्याने महादेव कोळी व ठाकर समाजाची वस्ती आहे. भात, नागली व वरई ही येथील पारंपरिक पिके आहेत. अकोले तालुक्याचा काही भाग अनुसूचित क्षेत्रात मोडतो. २००६ च्या वनहक्क कायद्याने वनांवर पिढ्यान्‌पिढ्या अवलंबून असलेल्या समाजांचे हक्क मान्य केले आहेत.

डोंगर हे येथील लोकांचे दैवतही आहे. लोककथेनुसार कळसू नावाच्या मुलीने भांडी घासणे व केर काढणे ही कामे करणार नाही या अटीवर एका घरी आश्रय घेतला. अट मोडली गेल्यावर ती डोंगरावर निघून गेली आणि तेथेच देवीरूपाने राहिली. महाशिवरात्रीला हरिश्चंद्रेश्वर व अमृतेश्वर येथे भाविक येतात.

पर्यटनामुळे काही गावांत निवास-भोजनाची सोय, वाटाड्याचे काम आणि पिठले-भाकरीची खानावळ असे व्यवसाय सुरू झाले आहेत. त्यांतून मिळणारे उत्पन्न हंगामी असले तरी रोजगारासाठी बाहेर होणारे स्थलांतर काही प्रमाणात कमी करण्यास ते साहाय्यभूत ठरते.

## भेट

भंडारदरा व बारी येथे जाण्यासाठी सर्वांत जवळचे महत्त्वाचे रेल्वे स्थानक इगतपुरी असून तेथून घोटीमार्गे रस्ता आहे. धरणाजवळील शेंडी हे गाव निवासाचे मुख्य केंद्र आहे. पाचनईस अकोले-राजूरमार्गे, तर खिरेश्वरला कल्याण-अहिल्यानगर मार्गावरील खुबी फाट्यावरून जाता येते.

जून ते सप्टेंबर हा धबधब्यांचा काळ असला तरी निसरड्या वाटा, धुके आणि ओढ्यांना येणारे पूर यांमुळे या दिवसांत अपघातांचा धोका वाढतो. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा पदभ्रमणासाठी सर्वांत अनुकूल काळ आहे. मार्च ते मे या काळात पाणी दुर्मीळ होते. सांदण दरी प्रामुख्याने कोरड्या ऋतूत पाहिली जाते. कोकणकड्याची कड आत वळलेली असल्याने उभे राहून खाली डोकावणे प्राणघातक ठरू शकते. सोसाट्याच्या वाऱ्यात व धुक्यात कडेपासून दूर राहणे आवश्यक आहे.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार अभयारण्यातील प्रवेश नियंत्रित असतो. पर्यटनासाठी परवानगी देता येते. मात्र आग लावणे, परवानगीशिवाय शस्त्र बाळगणे तसेच वन्यजीवांना इजा पोहोचवू शकतील असे पदार्थ वापरणे यांस मनाई आहे. अभयारण्याचे व्यवस्थापन वन विभागाच्या नाशिक येथील वन्यजीव शाखेकडे असून भंडारदरा व राजूर ही त्याची वनपरिक्षेत्रे आहेत. प्रवेशशुल्क, मुक्काम व तंबू यांविषयीचे नियम हंगामानुसार बदलतात. त्यामुळे भेटीपूर्वी वनपरिक्षेत्र कार्यालयात चौकशी करणे आवश्यक ठरते.

## संवर्धनापुढील प्रश्न

सुट्टीच्या दिवशी कळसूबाई व हरिश्चंद्रगडावर मोठी गर्दी होते. ही गर्दी थोड्या ठिकाणी व थोड्या दिवसांत एकवटत असल्याने तिचा परिणाम विशेष जाणवतो. रुळलेली वाट सोडून चालल्याने उतारावरील गवत नाहीसे होते आणि पहिल्याच पावसात माती वाहून जाते. अन्नाच्या उरलेल्या तुकड्यांमुळे माकडे माणसांवर अवलंबून राहू लागतात. प्लॅस्टिक डोंगरावरून खाली नेण्याची व्यवस्था मर्यादित असल्याने बराच कचरा दरीत व ओढ्यांत पोहोचतो.

ऐतिहासिक अवशेषांची हानी वेगळ्या स्वरूपाची आहे. लेण्यांमध्ये मुक्काम करताना पेटवलेल्या चुलींमुळे भिंती व छतावर काजळी धरते. शिलालेखांजवळ व खांबांवर नावे कोरल्याने मूळ अक्षरे आणि कोरीव काम नष्ट होते. सर्वांत नाजूक प्रश्न पाण्याचा आहे. टाक्यांत व पुष्करिणीत स्नान केल्याने किंवा भांडी धुतल्याने साबण व अन्नकण पाण्यात मिसळतात. वाहत्या ओढ्याप्रमाणे हे पाणी बदलत नाही. पुढच्या पावसाळ्यापर्यंत तेच साठून राहते. गडावर राहणारे लोक, यात्रेकरू, गिर्यारोहक आणि वन्यप्राणी या सर्वांना उन्हाळ्यात याच मोजक्या साठ्यांचा आधार असतो.

गिर्यारोहण संस्था, स्थानिक तरुण आणि वन विभाग यांच्या सहभागातून स्वच्छता मोहिमा राबवल्या जातात. संयुक्त वनव्यवस्थापन समित्यांमार्फत काही गावांत प्रवेशशुल्काची वसुली व मार्गदर्शनाचे काम स्थानिकांकडे सोपवण्यात आले आहे. पर्यटनावर कडक बंदी घातल्यास गावांचे उत्पन्न बुडते आणि ते अनिर्बंध ठेवल्यास ज्या वनांमुळे व अवशेषांमुळे लोक येतात त्यांचीच झीज होते. त्यामुळे पर्यटकांची संख्या, मुक्कामाच्या जागा व हंगाम यांचे नियमन स्थानिक गावांच्या सहभागाने कसे करावे, हा अभयारण्याच्या नियोजनातील प्रमुख विषय राहिला आहे.